मंदु आणि मंडु

सोलापूरचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला 'आग' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. एप्रिल लागला की पारा चाळीस अंशांच्या वर जाऊन बसतो आणि मृगाची चाहूल लागेपर्यंत खाली यायचे नाव घेत नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० सालच्या आसपास, आम्ही साखर पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहत होतो. दुपारी अंगणातल्या फरशीवर पाऊल ठेवले की चटका बसे. तरीही आम्ही मुले अनवाणीच हिंडत असू. मग संध्याकाळी पाठीवर घामोळे, टाचांना भेगा आणि खरचटलेले गुडघे, अशी आपापली दौलत घेऊन आम्ही आजीसमोर उभे राहत असू.

आजीचा दवाखाना म्हणजे देवघराशेजारच्या भिंतीतला एक कोनाडा. त्यात सहाण होती, चंदनाचे खोड होते, आंबेहळद, वेखंड आणि तुरटीचा खडा होता. मुलतानी मातीची पुडी, एरंडेलाची बाटली, जवसाचे पीठ आणि राळेच्या मलमाची डबी होती. रक्तचंदनाची एक लहानशी बाहुलीही तेथे असे. परंतु ती खेळण्याची नव्हती. वर्षानुवर्षे सहाणेवर उगाळली जाऊन बिचारीचे पाय कधीच झिजून गेले होते. मागच्या बाजूला निरनिराळ्या बामच्या दोन-तीन बाटल्या होत्या. त्यांतल्या एकीचे तर लेबलही निघून गेले होते. या शेवटच्या बाटलीची हकीकत मला पुढे सांगायची आहे.

आजीची एक रीत होती. कोणी रडत आले, तरी ती एकदम कोनाड्याकडे वळत नसे. आधी ती विचारी, "काय होतंय?" 'दुखतंय' एवढ्या उत्तराने तिचे समाधान होत नसे. "दुखतंय म्हणजे काय? ठणकतंय, की चुरचुरतंय? आग होतेय, की नुसती कंड सुटलीय?" मला या चौकशीचा भारी कंटाळा येई. दुखणारा गुडघा समोर दिसत असताना ही व्याकरणाची परीक्षा कशाला, असे मला वाटे. आजीच्या लेखी मात्र या शब्दांत मोठे अंतर होते. ठणकते ते आतले दुखणे. चुरचुरते ती वरची कातडी. झोंबते ते बाहेरून लागलेले काही. खेळताना पडलो, पण ना रक्त ना जखम, नुसतेच काळेनिळे झाले, तर तो 'मुका मार'. या शब्दाचे मला आजही कौतुक वाटते. मार खरा, पण तो बोलत नाही. आतल्या आत ठणकत राहतो! मुक्या मारावर आजी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून, पळीत कोमट करून, त्याचा लेप घालीत असे.

लेप घालायचा, हेही तिने ठरवून दिलेले होते. कोनाड्यातल्या प्रत्येक वस्तूचे क्रियापद निराळे असे. लेप घालायचा, तेल चोळायचे, मलम लावायचे, पोटीस बांधायचे, शेक द्यायचा. एकदा मी "आजी, मला तेल फास," असे म्हणालो, तेव्हा तिने मला हनुमंताच्या देवळात पाठवायची तयारी दाखवली. "शेंदूर फासतात रे. तू काय देव आहेस?" आणि ज्याला काहीच लावता येत नाही, त्यावर फुंकर घालायची. फुंकर हे औषध कोनाड्यात नव्हते. पण आजीने सर्वांत अधिक वापरलेले औषध तेच असावे.

पुढे मोठेपणी मराठी शिकवू लागलो, तेव्हा या कोनाड्याकडे मी दुसऱ्या दृष्टीने पाहू लागलो. माझ्या ध्यानात आले, की यातली नावे एका गावची नाहीत. लेप हा आपल्या घरचा. संस्कृतातल्या 'लिप्' म्हणजे माखणे, या धातूपासून तो झाला. आपण जमीन लिंपतो आणि देवनागरी लिपी लिहितो, ते शब्दही याच कुळातले. मलम मात्र दूरचा प्रवासी. अरबीतला 'मर्हम' फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठी जिभेने त्याचा 'मलम' केला. मुलतानी माती आपल्या नावातच आपले गाव सांगते. पोटीस हे पोटाशी संबंधित असावे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पण तो इंग्रजी शब्द निघाला, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला जो शब्द आहे, त्याचा अर्थ दाट पेज! जवसाचे पीठ शिजवून फडक्यात बांधलेले आजीचे पोटीस ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाव तंतोतंत पटेल. बाम हाही इंग्रजांबरोबर आला. त्याचे मूळ ग्रीकांच्या भाषेत झाडाच्या सुगंधी डिंकाचे नाव होते.

या सर्वांत मौजेचे नाव मला 'अमृतांजन' हे वाटते. अमृत समजले, पण अंजन तर डोळ्यांत घालतात, आणि हे तर चुकूनही डोळ्यांजवळ न्यायचे नाही! ते १८९३ साली मुंबईत सुरू केले काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी. ते मूळचे आंध्रातले, तेलुगू भाषक. पुढे १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू वृत्तपत्र काढले. मुंबईत तेलुगू माणसाने संस्कृत नावाचे औषध काढावे आणि ते मराठी घरांच्या कोनाड्यांत जाऊन बसावे, यात सोलापूरकराला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. आमचे गावच तसे आहे.

सोलापुरात सकाळी दारावर भाजी येते ती कानडीत हाक देत, आणि शेजारच्या मागावर चादर विणली जाते ती तेलुगू गाणे ऐकत. ज्या सिद्धरामेश्वरांची यात्रा दर संक्रांतीला भरते, त्या आमच्या ग्रामदैवताने बाराव्या शतकात आपली वचने कानडीत रचली. साखर पेठेच्या बाजूला तेलंगणातून विणकामासाठी आलेले पद्मशाली लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आमच्या वाड्यात समोरच्या दोन खोल्यांत असेच एक कुटुंब होते. घरातले सारे मागावर जात; मागे राही ती एक थकलेली म्हातारी. तिला सगळे 'अव्वा' म्हणत. तेलुगूत अव्वा म्हणजे आजी. आणि वाड्यातल्या कानडी बिऱ्हाडात अव्वा म्हणजे आई! कोणी अंगणातून "अव्वा" अशी हाक मारली, की दोन दारांतून दोघी बाहेर येत.

तेलुगू अव्वाला मराठी फारसे येत नसे. ती माझ्या आजीला 'अक्का' म्हणे आणि दोघी तासन्‌तास गप्पा मारीत. एकीने मराठीत बोलायचे, दुसरीने तेलुगूत. त्या एकमेकींना काय समजत होत्या, देव जाणे. मला तेलुगूचे जे दहा-वीस शब्द येत, ते अव्वाकडूनच आलेले. त्यांतला एक होता 'मंदु'. मंदु म्हणजे औषध. अव्वाचे गुडघे धरत आणि ती मला हाक मारून पैसे देई: "मंदु तेस्तावा, बिड्डा?" औषध आणशील का, बाळा? मी दुकानातून पुडी आणून देई आणि अव्वा मला मूठभर शेंगदाणे देई. हा व्यवहार माझ्या अंगवळणी पडला होता, आणि आपल्याला तेलुगू येते, असे मी शाळेत चारचौघांत सांगतही असे.

एका मे महिन्यातली दुपार. आजी आईला बरोबर घेऊन एका लग्नघरी गेली होती. वाडा सुस्तावला होता. एकाएकी अंगणातून धप्प असा आवाज आला. धावत जाऊन पाहतो, तो हौदाजवळच्या शेवाळावरून अव्वाचा पाय घसरलेला, आणि ती दगडाला टेकून बसलेली. कोपरापासून मनगटापर्यंत तिची कातडी सोलवटून निघाली होती. बारीक रक्त पाझरत होते. तिने आमच्या दाराकडे बोट केले आणि क्षीण स्वरात म्हणाली, "मंदु."

मला आणखी काय हवे होते! कोनाड्याची किल्ली आज माझ्या हाती आली होती. मी बाटल्या हुंगून पाहिल्या. ज्याचा वास उग्र, ते औषध गुणकारी, असा माझा त्या वेळचा सिद्धान्त होता. लेबल नसलेल्या त्या बाटलीतल्या बामने माझ्या डोळ्यांतून पाणी काढले. तेव्हा तीच घेऊन मी धावलो आणि दोन बोटे भरून बाम अव्वाच्या उघड्या जखमेवर चोळला.

अव्वाचे सारे अंग आखडले. ती कळवळून म्हणाली, "मंडुतोंदि! मंडुतोंदि, बिड्डा!"

मला ऐकू आले ते 'मंदु'. औषध. ती आणखी औषध मागते आहे, असे मला वाटले. मी आणखी लावले. तिने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि पुन्हा तोच शब्द तिच्या तोंडून आला. मी धीर देत म्हणालो, "थांब अव्वा, देतो, अजून देतो." खरे सांगायचे तर मनातून मी स्वतःवर खूष होतो. एवढे मनापासून औषध मागणारा रोगी कोणत्या वैद्याला मिळतो?

तेवढ्यात आजी दारात आली. तिला तेलुगूचे अवाक्षर येत नव्हते. पण तिने अव्वाच्या चेहऱ्याकडे पाहिले मात्र, आणि हातातली पिशवी तिथेच टाकून माझ्या हातातली बाटली काढून घेतली. अव्वाला तिने मोरीपाशी बसवले आणि माठातल्या पाण्याची बारीक धार कितीतरी वेळ त्या हातावर धरली. साबणाच्या फेसाने बाम हळूहळू सोडवला, पुन्हा पाणी घातले, आणि मग वाकून फुंकर घालीत राहिली. अव्वाचे हुंदके शांत होत गेले. मी कोपऱ्यात उभा होतो. बऱ्याच वेळाने आजीने माझ्याकडे पाहून विचारले, "काय होतंय, ते विचारलंस का तिला?"

"तिनं औषध मागितलं," मी म्हणालो.

संध्याकाळी अव्वाचा नातू मागावरून आला, तेव्हा उलगडा झाला. तेलुगूत 'मंदु' म्हणजे औषध, हे खरे. पण 'मंडु' म्हणजे जळणे. 'मंडुतोंदि' म्हणजे जळते आहे, आग होते आहे. द आणि ड. जीभ दातांना लागली तर औषध. थोडी मागे जाऊन टाळूला लागली तर आग. अव्वा तीन वेळा "आग होते" म्हणून ओरडली, आणि तीनही वेळा मी त्या आगीवर आणखी आग ओतली होती. नातू हे सांगताना हसला, घरातले सगळे हसले, अव्वासुद्धा हसली. मला हसू आले नाही. त्या रात्री गच्चीवर अंथरुणात पडल्या पडल्या मी 'मंदु, मंडु' असे पुटपुटत होतो. द आणि ड हे वेगळे आहेत, हे पहिलीतल्या मुलालाही कळते. माझ्या कानांना ते कळले नाही, कारण मला ऐकायचे होते तेच मी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी अव्वाला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जखम पुन्हा धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. बाम हा धड कातडीवर लावायचा, उघड्या जखमेवर कधीही नाही, हे त्यांनी माझ्याकडे पाहत सांगितले. कोणीतरी आधीच माझी ओळख करून दिलेली दिसत होती!

बाम अंगाला गार लागतो, मग जखमेला तो का झोंबावा, हे कोडे माझ्या मनात पुष्कळ वर्षे राहिले. आपल्या कातडीखालच्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्ण-थंड ओळखणारी सूक्ष्म द्वारे असतात. पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतींतून मिळणारे मेन्थॉल थंडीचे द्वार उघडते. म्हणून कातडी खरोखर गार झालेली नसतानाही आपल्याला गारवा वाटतो. धड कातडी या तीव्र पदार्थांना अडवून धरते, थोडेथोडेच आत जाऊ देते. सोलवटलेल्या जागी ती राखण उरत नाही. सारे एकदम आत शिरते आणि झोंबते. मिरचीतले द्रव्य उष्णतेचे द्वार उघडते, आणि ते द्वार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही उघडते. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोन शास्त्रज्ञांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते वाचताना मला आमची सोलापूरची शेंगा चटणी आठवली. ती जास्त झाली की आपण म्हणतो, "तोंडाची आग झाली." निखाऱ्याला आणि मिरचीला आपल्या भाषेने कधीपासून एकच शब्द दिला आहे!

आजीचे सगळेच बरोबर होते, असे मात्र नाही. भाजले की लगेच हळद आणि तेल थापायची आमच्या घरी चाल होती. आज डॉक्टर सांगतात, की भाजलेल्या जागेवर तेल, हळद, टूथपेस्ट काही थापू नये. वीस मिनिटे वाहते गार पाणी घालावे आणि दवाखाना गाठावा. त्या दिवशी आजीने बाटली बाजूला ठेवून पाण्याची धार धरली, ते कोनाड्यातल्या शिकवणीमुळे नव्हे. अव्वाच्या चेहऱ्याकडे पाहिल्यामुळे.

या प्रसंगानंतर आमच्या गावच्या एका मोठ्या डॉक्टरांविषयी मला वेगळेच कुतूहल वाटू लागले. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालचा, सोलापूरचा. १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांत ते होते. पुढे तिथल्या बेथून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्या धैर्याच्या कथा आम्ही शाळेत ऐकत होतो. मला मात्र दुसरीच गोष्ट मोठी वाटे: त्या परक्या देशात ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले. त्यांच्यासमोर आलेला जखमी शिपाई आपल्या भाषेत काय म्हणत असेल? जळते, की ठणकते? कोटणिसांनी औषधांच्या नावांआधी हेच शब्द शिकून घेतले असतील, असे मला आपले वाटते.

अव्वाचा हात पंधरा-वीस दिवसांत भरून आला. खपली पडली, खालची नवी कातडी गुलाबी, कोरडी आणि ताणल्यासारखी दिसू लागली. तेव्हा आजीने शतधौत घृत करायचे ठरवले. या औषधाची सारी कृती त्याच्या नावातच आहे. शत म्हणजे शंभर, धौत म्हणजे धुतलेले, घृत म्हणजे तूप. तांब्याच्या ताटात तूप घ्यायचे, थोडे पाणी घालून तळहाताने फेसायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा नवे पाणी घालायचे; असे शंभर वेळा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना वेळ फार होता, असे म्हणावे, तर त्यांच्या या धुण्याने तुपाचे जे होते, ते पाहण्यासारखे असते. पिवळे तूप पांढरे होते, त्याचा वास जातो, पाण्याचे बारीक बारीक थेंब त्यात अडकून बसतात आणि ते लोण्याहून हलके होते. बाजारात मिळणाऱ्या क्रीममध्येही तेल आणि पाणी यांचे असेच मिश्रण असते.

हे काम आजीने माझ्यावर सोपवले. शिक्षा म्हणून, असे ती म्हणाली नाही. मी अंगणात निंबाच्या सावलीत ताट घेऊन बसलो. आजी मोजत होती: एक, दोन, तीन. अव्वा शेजारी येऊन बसली आणि तिनेही सुरू केले: ओकटि, रेंडु, मूडु. चाळिशीच्या पुढे माझा हात भरून आला, तेव्हा अव्वाने ताट आपल्याकडे ओढले आणि डाव्या, धड हाताने काही फेरे केले. मग आजीने केले. समोरची कानडी अव्वा भांडी घासता घासता मधूनच तिच्या भाषेतला आकडा सांगून आम्हांला गोंधळात टाकीत होती. कितीदा तरी आमची मोजणी चुकली. ते तूप शंभराऐवजी एकशेदहा वेळा धुतले गेले असेल. शेवटी आजी म्हणाली, "शंभर!" आणि दोन्ही अव्वा एकाच वेळी म्हणाल्या, "नूरु!" शंभराला दोघींच्या भाषेत एकच शब्द होता.

आजीने ताट माझ्यापुढे केले. मी बोटाच्या टोकावर ते पांढरे तूप घेतले आणि अव्वाचा हात धरला. पण लावण्यापूर्वी थांबलो, आणि नातवाकडून घोकून घेतलेला प्रश्न नीट, ड चा उच्चार जिभेवर जपून, विचारला, "मंडुतोंदा, अव्वा?"

"लेदु," ती म्हणाली. नाही. मग तिने ताटातले उरलेले तूप आपल्या बोटावर घेतले, माझा पाय ओढून मांडीवर ठेवला, आणि टाचेच्या भेगेवर ते लावण्याआधी माझ्याकडे पाहून तिने मोडक्या मराठीत विचारले, "आग होते?"